जोडवी

चेतनाच्या पायातली जोडवी निघेनात.
साबण लावून झाला, तेल लावून झालं.
सुपडाबाई ओट्यावर दादर पाखडत म्हणाली,
"पाय सुजनात म्हंजे पोऱ्या व्हई, सिस्टर."

एकोणीस वर्षं या उपकेंद्रात
मी पाय बघतेय.
संध्याकाळी चढून सकाळी उतरते
ती सूज बहुतेक वेळा नुसतं ओझं,
तिला पायाखाली उशी पुरते, डाव्या कुशीची झोप पुरते.
पण भल्या सकाळी भाकरी थापताना
जिची बांगडी मनगटात रुतते,
जिच्या पापण्या न रडता जड असतात,
तिच्या घरी मी चहाला थांबत नाही.

आठवा महिना. बोरीचं पात्र ठणठणीत कोरडं.
दोन दिवसांवर आखाजी.
निंबाला झोके बांधलेले,
मुराळी म्हणून भाऊ आलेला चोपड्याहून,
हँडलला सांजोऱ्यांची पिशवी.
आखाजी होऊन जाऊ दे, मग दवाखाना,
असं सगळ्यांचं ठरलेलं.

मी विचारलं, डोकं दुखतं?
ती सासूकडे बघून गप्प.
मग पाणी प्यायच्या निमित्तानं
माजघरात, माठाशेजारी, पुन्हा विचारलं.
"तीन दिसपासून दुखस, ताई.
डोयासमोर काजवा चमकतस."

दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडत आणला.
एकशे सत्तरला ठोका ऐकू आला
आणि एकशे दहापर्यंत थांबला नाही.
मी चेहरा होता तसाच ठेवला,
हे कोणत्याही ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.
लघवी काचनळीत तापवली,
अंड्यातल्या पांढऱ्यासारखी गढुळली.
बाळ मात्र आत लाथा मारत होतं,
त्याला यातलं काही कळवलेलं नव्हतं.

माझ्या एका जुन्या वहीत
एका नावापुढे रेघ आहे.
मी पोचले तेव्हा तिच्यावरून लिंबं उतरवत होते,
तिसरा झटका चालू होता,
आणि दाराशी उभे सगळे म्हणत होते, बाहेरचं आहे.
आतलंच होतं.
पट्टा महिनाभर आधी गेला असता
तर आकड्यात दिसलं असतं.

हे मी सुपडाबाईला सांगितलं, रेघेसकट.
सूप थांबलं.

तिच्या आईची आधीची चार गेली होती.
पाचवी झाली तेव्हा सुपात घातली,
उकिरड्यापर्यंत नेली, परत आणली,
की मरणाला वाटावं, ही फोलपटं,
पाखडून टाकलेलं कोण उचलतं?
ते नाव सत्तर वर्षं वागवलेली बाई
दाण्यांकडे बघत राहिली.
मग म्हणाली, "लई जा तिले. आतेच."

भावाच्या डिक्कीतली पक्कड काढली.
जोडवी कापताना चेतना हसली,
गुदगुल्या होतात म्हणाली.
सासूनं तोंड भिंतीकडे केलं.

पारोळ्याला दोन्ही कुल्ल्यांत इंजेक्शनं,
आग आग होते म्हणत तिनं माझा हात पिळला.
मग एकशे आठ, हायवे, धुळ्याचं सिव्हिल.
सांजोऱ्या ड्रायव्हरनं खाल्ल्या.

मुलगी झाली. एक किलो आठशे नव्वद.
आईच्या छातीला उघडीच बांधून ठेवायची,
आई थकली की आजीच्या.
सुपडाबाईनं चोळीची गाठ सोडली,
वॉर्डातल्या बायांसमोर, काही न बोलता.

घरी आल्यावरही मी दर दोन दिवसांनी जाते.
बाळंत झाली म्हणजे सुटली, असं नसतं.
काल चेतनाचा एकशे तीसवर आला,
लोहाच्या गोळ्या पिठाच्या डब्यात सापडल्या,
त्यावरून आमचं भांडण झालं.

निघताना म्हातारीनं बाही वर सारली.
"मना बी हातले बांध.
आमले कोनी मोजंच नई."
सात बाळंतपणांचा दंड, कातडी आणि हाड,
पट्टा दोन वेढे जास्त फिरला.
पारा चढत गेला.
ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती.